ऐंशीतले चार गुण

मुंबई उपनगर जिल्ह्याचं क्षेत्रफळ ४४६ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ९३ लाख ५६ हजार ९६२. भागाकार केला की माणशी साधारण ४८ चौरस मीटर जमीन येते. ही राहायची जागा नव्हे. हिच्यात राष्ट्रीय उद्यानाचा वाटा आला, विमानतळ आला, रेल्वेचे रूळ, मिठी नदी, गोराईची खारफुटी, सगळं आलं. आता आंतरराष्ट्रीय स्पर्धेत टेबल टेनिसच्या एका टेबलाला किती मैदान लागतं ते पाहा. १४ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद, म्हणजे ९८ चौरस मीटर. दोन उपनगरवासीयांनी आपल्या वाट्याचा डोंगर, नाला, रस्ता आणि फलाट असा सगळा ऐवज एकत्र केला, की त्यावर एक टेबल मांडून जवळजवळ नियमाप्रमाणे खेळता येईल. योगायोगाने खेळायला माणसंही दोनच लागतात.

टेबल स्वतः तसं लहान आहे. २.७४ मीटर बाय १.५२५ मीटर, जेमतेम ४५ चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आज मिळणारं घर ३०० चौरस फुटांचं असतं. नुसत्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने त्यात अशी सहा टेबलं मावतील. जागा टेबल खात नाही, टेबलामागे धावणारा माणूस खातो. त्याच्यासाठी नियमाने सोडलेलं मैदान १०५५ चौरस फुटांचं, म्हणजे तसली साडेतीन घरं. वर छताची उंची पाच मीटर. पंखा तर नकोच, कारण चेंडू २.७ ग्रॅमचा आहे.

हे सगळं अंधेरी-बोरिवलीत किंवा मुलुंड-घाटकोपरमध्ये कुठून आणणार? म्हणून इथला बहुतेक खेळाडू सोसायटीच्या हॉलमध्ये आपलं आपण शिकतो. एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, दुसऱ्या बाजूला गणपतीच्या मखराचे खांब, पाठीमागे हातभर अंतरावर भिंत, डोक्यावर पंखा आणि दोन ट्यूबलाइट. स्पर्धेत टेबलावर किमान ६०० लक्स उजेड हवा असतो आणि जागतिक स्पर्धेत १०००. या दोन ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये ६०० चा चौथा हिस्साही पडत नाही. मागे भिंत असल्यामुळे हा खेळाडू कधी मागे सरकायला शिकतच नाही. वर पंखा असल्यामुळे चेंडू उंच उडवून सर्व्हिस करायला शिकत नाही. त्याची म्हणून जी ‘स्टाइल’ सांगितली जाते, तिच्यात निम्मा वाटा बिल्डरचा असतो.

जागेनंतर वेळ. सोसायट्यांमध्ये एक अलिखित कायदा आहे: जिंकला तो टेबलावर, हरला तो रांगेत. आठ जण आहेत, टेबल एक, संध्याकाळी सात ते नऊ असे दोन तास. ११ गुणांचा एक गेम, आधीची थोडी ठोकाठोक आणि खुर्च्यांखालून चेंडू काढणं धरून सहा मिनिटं. म्हणजे दोन तासांत २० गेम. प्रत्येक सोसायटीत एक कोणीतरी असतोच जो हरत नाही. तो २० पैकी २० गेम खेळतो, पुरे १२० मिनिटं. उरलेल्या सात जणांच्या वाट्याला प्रत्येकी जेमतेम तीन गेम येतात, १८ मिनिटं. वार्षिक सभा, नवरात्र, कोणाच्या तरी मुलीचा साखरपुडा हे वगळून वर्षाला ३०० दिवस हॉल मोकळा मिळाला असं उदार मनाने धरू. नवशिक्याला वर्षाला ९० तास मिळाले आणि ज्याला आधीच येत होतं त्याला ६००. ज्याला सरावाची गरज जास्त त्याला तो कमी मिळावा अशी ही व्यवस्था आहे, आणि तिच्याविरुद्ध कोणत्याही सभेत ठराव आल्याचं ऐकिवात नाही.

कौशल्याचा विषय निघाला की १०,००० तासांचा आकडा हमखास तोंडावर फेकला जातो. तो मुळात बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरच्या १९९३ सालच्या एका अभ्यासातून आला. ती सरासरी होती, हमी नव्हती. तरी वादापुरता धरून चालू. वर्षाला ९० तासांच्या वेगाने १०,००० तास भरायला १११ वर्षं लागतात. सहाव्या वर्षी बॅट हातात घेतली तर ११७ व्या वर्षी माणूस तयार.

समोर कोण येणार आहे? उपनगराची स्वतःची संघटना आहे, द सबर्बन टेबल टेनिस असोसिएशन. तिच्या स्पर्धांत नाव घातलं की पहिल्या फेरीत बऱ्याचदा एखादा तेरा वर्षांचा मुलगा उभा राहतो. दप्तरापेक्षा किट मोठं, चेहऱ्यावर काही नाही. रोज चार तास, वर्षाला ३०० दिवस अशी पाच वर्षं त्याने अकादमीत काढली असतील तर त्याच्या खात्यावर ६००० तास आहेत. सोसायटीच्या रांगेत तेवढे जमवायला जवळजवळ ६७ वर्षं लागली असती. याच पट्ट्यातून थेट वरपर्यंत गेलेले खेळाडू आहेत. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघांत मुंबईचा सनील शेट्टी होता आणि ठाण्याची मधुरिका पाटकरही. आणि त्यांच्याही वर कोण आहे ते सांगायला नको. १९८८ ते २०२४ या काळात ऑलिंपिकमध्ये टेबल टेनिसची ४२ सुवर्णपदकं दिली गेली, त्यांतली ३७ एकट्या चीनने नेली.

तेव्हा तासांच्या शर्यतीत उतरण्यात अर्थ नाही, ती संपलेली आहे. मोजायचं असेल तर दुसरं काहीतरी मोजायला हवं.

पाच गेमांची मॅच घ्या, तीन जिंकेल त्याची. चार गेमांत संपली तर साधारण ८० गुण खेळले जातात. दोघं अगदी तोडीस तोड असतील तर ४०-४०, आणि जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी. आता समजा तुम्ही शंभरातले ५५ गुण जिंकता, म्हणजे ८० पैकी ४४. समोरच्याच्या खात्यावरून फक्त चार गुण उचलून आपल्या खात्यावर टाकलेत. एवढ्याने एक गेम जिंकण्याची शक्यता ५० वरून जवळजवळ ६९ टक्क्यांवर जाते आणि पूर्ण मॅच जिंकण्याची ८२ टक्क्यांवर. चारऐवजी आठ गुण उचललेत, म्हणजे पाचातले तीन गुण तुमचे झाले, तर गेम ८४ टक्के आणि मॅच ९७ टक्के. प्रत्येक गुणाला शक्यता तीच राहते असं मानून केलेला हा हिशेब आहे. खरी माणसं दमतात, चिडतात, ९-९ वर हात आखडतो. पण आकड्यांचा कल असा सरळ आहे. हा खेळ छोट्या फरकाचं मोठं व्याज देतो.

म्हणून आपलं आपण शिकलेल्या खेळाडूने दोन महिन्यांवर स्पर्धा आली की विचारायचा प्रश्न एकच: हे चार गुण कुठे पडलेले आहेत?

ते बहुतेक वेळा लांब रॅलीत नसतात. आपल्या डोक्यात टेबल टेनिस म्हटलं की ठकठक चालणारी रॅली असते. तिचे विक्रमही डोकं गरगरवणारे आहेत. १९३६ साली प्रागच्या जागतिक स्पर्धेत पोलंडचा एर्लिक आणि रुमानियाचा फार्कश यांच्यात मॅचचा पहिलाच गुण दोन तासांहून जास्त वेळ चालला. पुढे नेट पाऊण इंचाने खाली आलं. आजचा नियम असा की गेम दहा मिनिटांत संपला नाही आणि तोवर १८ गुणही झालेले नसले, तर त्यापुढे सर्व्हिस घेणाऱ्याने १३ वेळा चेंडू परत टाकला की गुण त्याचा. वेगाच्या बाजूचा विक्रम १९९३ चा आहे. इंग्लंडच्या जॅकी बेलिंजर आणि लिसा लोमास यांनी एका मिनिटात १७३ फटके मारले, म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन. पण तो विक्रम होता, मॅच नव्हे. मॅचमध्ये एका गुणाला सरासरी पाच फटके पडले तरी बरी रॅली झाली म्हणायची.

पाच फटके धरू. ८० गुणांचे ४०० फटके, त्यांतले तुमचे २००. चेंडू रबरावर टेकतो तो साधारण एक हजारांश सेकंद. २०० ला हजाराने भागा: पूर्ण मॅचमध्ये चेंडू तुमच्या बॅटला चिकटलेला असतो तो एकूण एक पंचमांश सेकंद. वर्षभराची रांग, नवी बॅट, रजा टाकून गाठलेला हॉल, हे सगळं त्या एक पंचमांश सेकंदासाठी.

आणि त्या २०० फटक्यांची फोड पाहिली की डोळे उघडतात. ४० तुमच्या सर्व्हिस आहेत आणि ४० वेळा तुम्ही समोरच्याची सर्व्हिस घेता. दोनशेतले ऐंशी, म्हणजे ४० टक्के खेळ पहिल्या दोन फटक्यांत आटोपलेला. आता सोसायटीतला सराव आठवा. फोरहँड टू फोरहँड, खूप वेळ, खूप मजेत. सर्व्हिस म्हणजे गेम सुरू करायची औपचारिकता, ‘घे रे’ म्हणत टाकलेला चेंडू. माझ्या मते आपल्याकडे स्वतः शिकलेला खेळाडू हरतो तो इथे. फटके कमी पडले म्हणून तो हरत नाही, फटका मारायची वेळ येण्याआधीच गुण गेलेला असतो.

याचं कारण फिरकीत आहे. जागतिक दर्जाच्या खेळाडूच्या जोरदार टॉपस्पिनमध्ये चेंडू मिनिटाला ९००० गिरक्यांपर्यंत जातो, सेकंदाला १५०. चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर, परीघ साडेबारा सेंटिमीटर. म्हणजे त्याचा पृष्ठभाग ताशी ६८ किलोमीटर वेगाने फिरत असतो. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रोची लांबी ११.४ किलोमीटर आहे. त्याच वेगाने चेंडू रुळांवरून घरंगळत गेला तर दहा मिनिटांत घाटकोपरला पोचेल, आणि मेट्रो त्याच्या दुप्पट वेळ घेते. अर्थात मेट्रोला मधे थांबे आहेत. सर्व्हिसची फिरकी याहून कमी असते. पण तीच जास्त फसवते, कारण रॅलीतली फिरकी निदान दिसते, सर्व्हिसची लपवलेली असते. एकाच हालचालीत खालून कापलेला, बाजूने ओढलेला किंवा काहीच न दिलेला चेंडू येऊ शकतो. ओळख चुकली की बॅटचा कोन चुकतो. साध्या परावर्तनाच्या हिशेबाने बॅट एक अंश जास्त उघडली तर चेंडूची दिशा दोन अंशांनी वर जाते. टेबलाच्या टोकापासून नेटपर्यंत पोचेतो हा फरक जवळजवळ पाच सेंटिमीटर होतो, चेंडूच्या स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त. नेट १५.२५ सेंटिमीटर उंच. त्याच्या जरा वरून जाणारा चेंडू एक अंश चुकला की नेटमध्ये, दुसऱ्या बाजूला एक अंश चुकला की समोरच्याच्या फोरहँडवर मस्त उंच.

एक अंश मनगटाला कसा कळायचा? तो हजार वेळा चुकून कळतो, पण चूक वेगवेगळ्या हातांसमोर व्हायला हवी. सोसायटीच्या रांगेतल्या सात जणांच्या सात सर्व्हिस एव्हाना तुम्हाला झोपेतही घेता येतात. आठवी कधी आलीच नाही.

न पाहिलेला चेंडू काय करू शकतो याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण याच शहरात घडलेलं आहे. १९५२ च्या फेब्रुवारीत ब्रेबर्न स्टेडियमवर जागतिक टेबल टेनिस स्पर्धा झाली. आशियात ती पहिल्यांदाच भरत होती. जपानचा संघही जागतिक स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. त्यांच्यात हिरोजी सातो नावाचा चष्मा लावणारा, किरकोळ अंगाचा खेळाडू होता. त्याच्या बॅटवर जाड स्पंज होता. तोवर जवळजवळ सगळं जग लाकडावर चिकटवलेल्या दाणेदार रबराने खेळत असे. त्या बॅटला चेंडू लागला की खणखणीत आवाज येई, आणि अनुभवी खेळाडू समोरच्याचा फटका निम्मा कानाने ओळखत. सातोच्या बॅटला आवाजच नव्हता. चेंडू स्पंजमध्ये बुडायचा आणि भलत्याच वेगाने, भलत्याच फिरकीने बाहेर यायचा. युरोपातले खेळाडू आयुष्यभराचे तास घेऊन मुंबईला आले होते, पण स्पंजसमोर खेळण्याचे त्यांचे तास जवळजवळ शून्य होते. अंतिम फेरीत सातोने हंगेरीच्या कोत्सियानला हरवलं. सात विजेतेपदांपैकी चार जपानने नेली. पुढे सात वर्षं जगभर स्पंजवर वाद चालला आणि १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने मर्यादा घातली: रबर आणि स्पंज मिळून चार मिलिमीटर. आज अंधेरीच्या दुकानात तुम्ही जे रबर निवडता, त्याच्या जाडीचा नियम असा चर्चगेटजवळच्या एका स्पर्धेतून निघालेला आहे.

उपनगरात सातोची भूमिका सहसा एक काका करतात. साठी उलटलेली, गुडघ्याला पट्टा, मॅचच्या आधी हळूच खुर्चीवर बसून बूट बांधणार. त्यांच्या बॅटच्या एका बाजूला लाँग पिंपल्स असतात, लांब आणि मऊ दाण्यांचं रबर. या रबराला स्वतःची फिरकी जवळजवळ नसते, ते तुमचीच फिरकी तुम्हाला परत करतं. तुम्ही जोरात टॉपस्पिन मारला की परत येतो तो कापलेला चेंडू. तुम्ही खालून कापून पुश केला की परत येतो तो बिनफिरकीचा किंवा थोडा टॉपस्पिनचा. तुम्ही सवयीने पुन्हा पुश करता, चेंडू हातभर वर उडतो आणि काका तो सावकाश कोपऱ्यात मारतात. चार गुण म्हणता म्हणता आठ जातात. नियमाने प्रत्येक खेळाडूला मॅचआधी समोरच्याची बॅट हातात घेऊन पाहता येते. त्यात अर्धं मिनिट जातं. एक बाजू काळी, दुसरी वेगळ्या ठळक रंगाची असते ती याचसाठी. पिंपल्स कोणत्या रंगाच्या बाजूला आहेत ते पाठ करायचं आणि काका बॅट फिरवतात तेव्हा रंगावर लक्ष ठेवायचं. आपले सोसायटीवीर भिडेपोटी बॅट मागत नाहीत, नमस्कार करून खेळायला लागतात.

आता सर्व्हिस. हा खेळातला एकमेव फटका ज्याला जोडीदार लागत नाही, रांग लागत नाही, समोरच्याची परवानगी लागत नाही. संध्याकाळी सातला ज्या टेबलावर आठ जण तुटून पडतात ते सकाळी सहाला रिकामं असतं. पन्नास साधे चेंडू एका बादलीत घ्या. सहा-सात सेकंदाला एक सर्व्हिस केली तर बादली सहा मिनिटांत संपते, गोळा करायला चार मिनिटं. अर्ध्या तासात १५० सर्व्हिस. संध्याकाळच्या रांगेत तीन गेमांत मिळून तुम्ही जेमतेम तीस सर्व्हिस करता. सकाळचा अर्धा तास म्हणजे संध्याकाळचे पाच दिवस. साठ दिवसांत ९००० सर्व्हिस होतात. मॅचला ४० या दराने हा सव्वादोनशे मॅचचा साठा झाला, आणि स्पर्धेच्या दिवशी समोर येणाऱ्या कितीतरी प्रौढ खेळाडूंनी तो केलेला नसतो.

नुसता आकडा भरून मात्र उपयोग नाही. समोरच्या अर्ध्या टेबलावर ए-फोर कागद ठेवा. अर्धं टेबल दोन चौरस मीटरचं आणि कागद त्याचा तेहतिसावा भाग. आधी कागदावर दहातले दोन पडतील. कागद नेटजवळ सरकवा, मग बॅकहँडच्या कोपऱ्यात, मग समोरच्याच्या कोपराच्या रेषेत. कापलेली सर्व्हिस खरंच कापलेली आहे का ते पाहायचं असेल तर चेंडू न अडवता समोर पडू द्या: दोन-तीन टप्पे पडून तो नेटकडे परत यायला लागला तर फिरकी आहे, सरळ पुढे पळाला तर तुम्ही फक्त मनगटाचा अभिनय करता आहात. कोचशिवाय मिळणारी इतकी प्रामाणिक तपासणी या खेळात दुसरी नाही.

आणि ती सर्व्हिस नियमात बसते का, हे आधी बघा. आपल्याकडे सर्रास चेंडू तळहातातून थेट बॅटवर मारला जातो, सोसायटीत कोणी हरकत घेत नाही. स्पर्धेत तळहात उघडा आणि स्थिर हवा, चेंडू सरळ वर किमान १६ सेंटिमीटर उडायला हवा, टेबलाच्या पातळीच्या वर आणि टोकाच्या रेषेच्या मागे राहायला हवा आणि समोरच्याला सतत दिसायला हवा. १६ सेंटिमीटर वर जाऊन परत यायला चेंडूला एक तृतीयांश सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढा उशीर पहिल्यांदा करायला लागला की हाताची सगळी लय बिघडते. पंचाला शंका आली तर पहिल्यांदा ताकीद, पुढच्या वेळी थेट गुण. पहिल्या गेममध्ये असे तीन गुण गेले, की आपण मोठ्या कष्टाने शोधत होतो त्या चारांतले तीन स्वतःच्या हाताने देऊन झाले. तसंच शर्टाचं: चेंडू पांढरा असेल तर मुख्य रंग पांढरा चालत नाही. शाळेच्या पीटीचा किंवा योगासनांचा शुभ्र टी-शर्ट घालून आलेल्याला ऐनवेळी कोणाचा तरी घामेजलेला निळा टी-शर्ट मागून घ्यावा लागतो.

रबराचंही एक उपनगरी दुखणं आहे. पावसाळ्यात हवेत इतका दमटपणा असतो की रबरावर ओलसर थर बसतो आणि चेंडू सटकतो. टॉपस्पिन मारला तो नेटमध्ये, का ते कळत नाही. नियम दर सहा गुणांनंतर टॉवेल वापरू देतो. तो घाम पुसण्याआधी बॅटला वापरा. मॅचमध्ये एक मिनिटाचा एकच टाइम-आउट मिळतो, दोन गेमांच्या मधे एक मिनिट. २०१६ पासून कोच दोन गुणांच्या मधेही सल्ला देऊ शकतो. तुमच्या कोचची खुर्ची रिकामी असेल. तिथे रांगेतला एखादा मित्र बसवा आणि त्याला एवढंच काम द्या की तुमचे गुण कुठे गेले ते कागदावर रेघा ओढून मोजायचे: सर्व्हिसला, रिसीव्हला, तिसऱ्या चेंडूला, त्यापुढे. दुसऱ्या गेमच्या शेवटी त्या रेघा कोणत्याही आरडाओरड्यापेक्षा जास्त सांगतात.

ड्यूसची, म्हणजे १०-१० ची भीती बाळगू नका, पण तिची तयारी ठेवा. ०-० पासून १०-१० पर्यंत पोचायचे १ लाख ८४ हजार ७५६ वेगवेगळे रस्ते आहेत. तोडीस तोड खेळाडूंमध्ये जवळजवळ सहातला एक गेम तिथे पोचतो. तिथून पुढे सर्व्हिस एकेक आळीपाळीने, त्यामुळे एक सर्व्हिस राखून ठेवलेली असावी, जी तोवर समोरच्याने पाहिलेली नाही.

ड्रॉकडेही नीट पाहा. १२८ जणांच्या बाद पद्धतीच्या ड्रॉमध्ये १२७ मॅच होतात आणि ६४ जण पहिल्याच फेरीत घरी जातात. प्रत्येक फेरीत जिंकण्याची ८२ टक्के शक्यता घेऊन खेळणाऱ्या पट्टीच्या खेळाडूलाही सात फेऱ्या सलग काढायच्या असतात. ८२ टक्क्यांचा सात वेळा गुणाकार केला की चारातली एकच स्पर्धा त्याच्या हाती लागते. तुमचं ध्येय त्यामुळे सोपं आहे: दुसरी फेरी.

त्यासाठी सकाळचा अर्धा तास सर्व्हिसला द्या आणि आठवड्यातून एकदा रेषा ओलांडा. पश्चिम रेल्वेवरच्यांनी मध्य रेल्वेवर जावं, मध्यवरच्यांनी पश्चिमेला. अंधेरीचा माणूस आणि घाटकोपरचा माणूस यांच्यामध्ये एके काळी दीड-दोन तासांची बस होती, २०१४ च्या जूनपासून मेट्रो आहे. जिमखान्यात, क्रीडासंकुलात, मित्राच्या सोसायटीत, जिथे कोणी ओळखत नाही तिथे जा आणि रांगेत उभे राहा. तिथे हरून रांगेच्या शेवटी जाल, पण प्रत्येक गेममध्ये एक नवा हात पाहिलेला असेल. डावखुरा शोधा. पिंपल्सवाले काका शोधा, त्यांना चहा पाजा आणि अर्धा तास फक्त त्यांची सर्व्हिस घ्या. आणि हे सगळं करताना एन्ट्रीची शेवटची तारीख चुकवू नका. ड्रॉ एकदा पडला की त्यात नाव घुसवता येत नाही.